लहान अनुदाने आणि सह्याद्रीतील पाखरे : जुन्नर-आंबेगावच्या निमित्ताने

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांना जोडणारा हा सप्ताह राज्य शासनाने २०२० साली जाहीर केला. चितमपल्ली जून २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांच्या पश्चात आलेल्या पहिल्या पक्षी सप्ताहात पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून मात्र पाखरांची बातमी आली नाही. ती बिबट्याची आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्नर वनविभागातील शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. लोकांचा संताप रस्त्यावर आला आणि शासनाचे सारे लक्ष व सारा निधी पिंजऱ्यांकडे वळला.

ज्या घरातील मूल गेले त्या घरापुढे पाखरांचा विषय काढणे कोणालाही शोभणार नाही. तरीही एक प्रश्न आम्हाला वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. ज्या भूप्रदेशाकडे आपण केवळ संकट आल्यावरच वळून पाहतो, त्या भूप्रदेशाची रोजची, शांत, चिकाटीची नोंद ठेवणारा कोणी असतो काय? असल्यास त्याचा खर्च कोण करतो? या प्रश्नाचे एक छोटे, परंतु विचार करण्याजोगे उत्तर पक्षी-अभ्यासासाठी मिळणाऱ्या लहान अनुदानांत दडलेले आहे.

लहान अनुदान म्हणजे काय?

निसर्गरक्षणाचे नाव काढले की कोट्यवधींचे प्रकल्प डोळ्यांपुढे येतात. परंतु जगभर काही संस्था अशा आहेत की त्या जाणीवपूर्वक थोडी रक्कम देतात व ती तरुण अभ्यासकाच्या किंवा छोट्या गटाच्या हाती देतात. ब्रिटनमधील रफर्ड फाउंडेशन पहिल्या टप्प्यावर काही हजार पौंडांचे अनुदान देते. काम नीट झाले तर पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा अर्ज करता येतो. १९८५ साली स्थापन झालेला ओरिएंटल बर्ड क्लब आशियातील पक्ष्यांच्या अभ्यासासाठी व संरक्षणासाठी छोटी अनुदाने देत आला आहे. आपल्या देशात डॉ. रवी शंकरन या अकाली निवर्तलेल्या पक्षीशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनने तरुण अभ्यासकांसाठी योजना चालविली. या रकमेत इमारत उभी राहत नाही. एखाद्या तरुणाचा वर्षभराचा प्रवास, एक दुर्बीण, गावातील मुलांसाठी चार शिबिरे आणि एक छापील पुस्तिका एवढे मात्र नक्की होते.

एवढ्याने काय साधते, असे कोणी विचारील. त्यासाठी स्वतः सलीम अलींचेच उदाहरण पुरेसे आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील नोकरी गेल्यावर ते रायगड जिल्ह्यातील किहीमला राहिले व तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्यानंतर त्यांनी संस्थानिकांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला: तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी मी करून देतो, वेतन नको, केवळ प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. १९३१-३२ मधील हैदराबाद संस्थानची पाहणी आणि १९३३ मधील त्रावणकोर-कोचीनची पाहणी अशाच तुटपुंज्या खर्चावर झाली. पुढे भारतीय पक्षीशास्त्राची जी इमारत उभी राहिली तिचा पाया या पाहण्यांत आहे. आजच्या भाषेत तो लहान अनुदानाचाच अर्ज होता.

जुन्नर आणि आंबेगाव का?

हे दोन तालुके म्हणजे सह्याद्रीचा एक छेदच म्हणावा. पश्चिमेला नाणेघाट, जीवधन, माळशेज यांचे उभे कडे आहेत. आंबेगाव व खेड तालुक्यांच्या डोक्यावर भीमाशंकरचे अभयारण्य आहे. १९८५ साली ते शेकरूच्या रक्षणासाठी घोषित झाले. मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाची धरणे आहेत: माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगा आणि आंबेगावातील डिंभे. पूर्वेला नारायणगाव, मंचर या बाजूला ऊस, द्राक्षे, टोमॅटो यांची बागायत. साठ-सत्तर किलोमीटरच्या अंतरात कड्यावरचा पक्षी, सदाहरित रानातला पक्षी, पाणथळीवरचा पक्षी आणि शेतातला पक्षी असे चारही भेटतात. भीमाशंकरच्या ओढ्याकाठी पहाटे शीळ घालणारा पर्वत कस्तूर आहे, उंबराच्या फळांवर थवे करून येणारा आपला राज्यपक्षी हरियाल आहे, आणि हिवाळ्यात धरणांच्या उथळ काठांवर उतरणारे पाहुणे पक्षी आहेत.

अशा समृद्ध प्रदेशाविषयी पद्धतशीर नोंदी मात्र विरळ आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात देशातील ९४२ जातींचा विचार झाला. त्यांपैकी दीर्घकाळाचा कल सांगता येईल इतकी माहिती केवळ ३३८ जातींविषयी उपलब्ध होती, आणि त्यांतील ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. उरलेल्या सुमारे सहाशे जातींचे काय, याचे उत्तर शहरातील प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते पश्चिम जुन्नरच्या एखाद्या वाडीत राहून महिन्यातून चार वेळा एकाच पायवाटेवर चालणारा आणि दिसेल ते लिहून ठेवणारा माणूसच देऊ शकेल.

गिधाडांचा धडा

नोंदी नसल्या की काय होते, हे गिधाडांनी आपल्याला शिकविले आहे. एके काळी गावकुसाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात त्याची हाडे उरत. १९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडांची घरटी रिकामी पडत असल्याची नोंद केली. जुन्या वर्षांची मोजणी त्यांच्या हाताशी होती, म्हणूनच तुलना करता आली. पुढे १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे निष्पन्न झाले. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून कारण उघड झाले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते. भारताने २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केले, २०१५ साली माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांवर बंदी घातली आणि २०२३ साली कीटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक ही औषधेही गुरांसाठी बंद केली.

गिधाडे गेल्याची किंमत माणसांनीही मोजली. मृत जनावरे कुजत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने २००० ते २००५ या काळात भारतात त्यामुळे सुमारे पाच लाख अधिक मृत्यू झाले असावेत, असा अंदाज मांडला. पाखराचा प्रश्न आणि माणसाचा प्रश्न वेगळे आहेत असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी घ्यावा.

लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या उभ्या कड्यांच्या कपारींत घरटे करते. मादी वर्षाला एकच अंडे घालते. एक घरटे विस्कटले तर त्या जोडीचे वर्ष वाया जाते. २०२४ साली पिंजोर येथील प्रजनन केंद्रातील गिधाडे ताडोबा आणि पेंच येथे आणून मोकळी करण्यात आली. हे काम आवश्यकच होते. परंतु त्यामागे दोन दशकांचे परिश्रम आणि मोठा खर्च आहे. कड्यावर आजही टिकून असलेले एक रानटी घरटे सांभाळायला त्या मानाने अगदी थोडा पैसा लागतो. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगाव येथे 'सिस्केप' या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडांचे रक्षण केले. गावाने आपली मृत जनावरे गिधाडांसाठी राखून ठेवली. लहान प्रयत्न टिकू शकतो याचे हे आपल्या राज्यातील उदाहरण आहे.

अनुदान कोणाच्या हाती जाते?

येथे आपण खऱ्या अडचणीपाशी येतो. घरटे कोणत्या कपारीत आहे हे महादेव कोळी वा ठाकर समाजातील गुराख्याला ठाऊक असते. अर्ज मात्र इंग्रजीत भरावा लागतो. त्यात उद्दिष्टे, कार्यपद्धती, अपेक्षित फलित, जोखीम असे रकाने असतात आणि ओळखीच्या तज्ज्ञांची शिफारसपत्रे मागितली जातात. परिणामी अनुदान शहरातील पदवीधराला मिळते, गुराखी वाटाड्या होतो आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर त्याचे आभार मानले जातात. शहरातून येणाऱ्या अभ्यासकांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी निष्ठेने काम केले आहे. पण वर्ष संपले की अभ्यासक परततो आणि नोंदवही बंद होते. गावातल्या माणसाच्या हाती ती वही असती तर ती चालू राहिली असती.

दुसरी अडचण कायद्याची आहे. आपल्या संस्थांशी संबंधित असलेल्या वाचकांना ती चांगलीच परिचित असेल. परकीय अंशदान विनियमन कायदा, २०१० नुसार परदेशातून निधी घेण्यासाठी संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते व मागील तीन वर्षांत तिने आपल्या मुख्य कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी एक नोंदणीकृत संस्था आपल्याकडील परकीय निधी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेस देऊ शकत असे. तो मार्ग बंद झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

परकीय पैशाचा हिशेब चोख असावा, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या गटाचे वर्षाचे काम लाख-दीड लाखात होते, त्याने १५ लाखांचा खर्च दाखवायचा कोठून? मोठ्या संस्थांवर अंकुश ठेवण्यासाठी केलेली चौकट छोट्याच्या पायात अडकते, ती अशी. लहान रकमांसाठी सोपी, पारदर्शक आणि जलद परवानगी असावी, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे करणे योग्य ठरेल. तोपर्यंत व्यवहार्य वाट एकच दिसते. नोंदणीकृत संशोधन संस्थेने स्वतः प्रकल्प घ्यावा आणि स्थानिक तरुणांना त्यात सन्मानाने, ठरलेल्या मानधनावर आणि अहवालात लेखक म्हणून नाव देऊन सामील करावे. व्यक्तीने थेट परदेशी अनुदान स्वीकारण्यापूर्वी जाणकार सनदी लेखापालाचा सल्ला अवश्य घ्यावा.

घरचा निधी

परदेशाकडे पाहण्याआधी आपल्या दाराशी काय आहे हेही पाहिले पाहिजे. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागातील आदिवासी गावे पेसा कायद्याखाली येतात. २०१५ पासून राज्य शासन अशा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट देते. त्याच्या विनियोगाच्या बाबींत वनीकरण, वन्यजीव संवर्धन आणि वन्यजीव पर्यटन यांचा समावेश आहे. खर्च कशावर करायचा हे ग्रामसभा ठरविते. घोडेगाव येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. माहितीसाठी फार दूर जावे लागत नाही.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ही नोंदवही पुष्कळ ठिकाणी उपचार म्हणून भरली गेली. तीच खऱ्या निरीक्षणांनी भरली, तर पुढच्या प्रत्येक अर्जाला भक्कम आधार मिळेल. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक नफा व उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. त्या कार्यांच्या यादीत वनस्पती व प्राणी यांचे रक्षण आहे. चाकणची औद्योगिक वसाहत या तालुक्यांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे.

चांगला अर्ज कसा असतो?

अर्ज नाकारला जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे प्रश्न फार मोठा असणे. 'सह्याद्रीतील पक्ष्यांचे संवर्धन' हा प्रश्न एका वर्षाचा नव्हे. 'अमुक दोन किल्ल्यांच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची किती घरटी आहेत आणि त्यांतील किती घरट्यांतून पिल्लू उडाले' हा प्रश्न एका वर्षाचा आहे. त्याला पद्धत आहे, वेळापत्रक आहे आणि उत्तर मोजता येते.

दुसरे, वेळापत्रक पाखराच्या ऋतूनुसार असावे. गिधाडांचा विणीचा काळ हिवाळ्यात येतो. जूनमध्ये पैसे मिळणार असतील तर पावसाळा गावोगावच्या बैठकांना, पशुवैद्यक व औषध-विक्रेत्यांच्या भेटींना द्यावा आणि निरीक्षण नोव्हेंबरपासून धरावे.

तिसरे, अंदाजपत्रक प्रामाणिक असावे. एसटीचे भाडे, मोटारसायकलचे पेट्रोल, दोन वेळचे जेवण, वाटाड्याची मजुरी हे सगळे लिहावे. मजुरी न लिहिणारा अर्जदार ती मजुरी देणारही नाही, हे अनुभवी परीक्षक ओळखतो.

चौथे, परवानग्या आधी घ्याव्यात. अभयारण्यात अभ्यास करण्यासाठी वनखात्याची अनुमती लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्षी पकडणे वा घरट्याला हात लावणे गुन्हा आहे. घरट्याचे नेमके ठिकाण कोठेही प्रसिद्ध करू नये. २०१८ साली जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला. छायाचित्रांसाठी कड्यावर होणारी गर्दी एका अंड्याचा घात करू शकते.

पाचवे, निष्कर्ष मराठीत गावापुढे मांडण्याची तरतूद अर्जातच असावी. ज्यांच्या रानात अभ्यास झाला त्यांना त्याचे फळ शेवटी नव्हे, प्रथम कळले पाहिजे.

पाखरू आणि भाकरी

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो योग्य आहे. पश्चिम आंबेगावातील कुटुंबाला पावसाळ्यानंतर रोजगारासाठी बाहेर पडावे लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने तेथील हिरड्याची झाडे मोडली आणि भरपाईसाठी लोकांना आंदोलने करावी लागली. अशा घराला पाखरांचे काय?

उत्तर झाडातच आहे. पुण्यातील ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसरात हिरडा आणि कोकणातील संगमेश्वर परिसरात बेहडा गोळा करणाऱ्या लोकांना 'फेअरवाइल्ड' या आंतरराष्ट्रीय मानकाशी जोडले. फळ शास्त्रीय पद्धतीने गोळा करायचे, झाड तोडायचे नाही, आणि खरेदीदाराने चांगला भाव द्यायचा, असा तो व्यवहार. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. झाड उभे राहिले म्हणून घरटे उभे राहिले, आणि झाड उभे राहण्याचे कारण त्याच्या फळाला मिळालेला भाव. पाखराचे रक्षण भाकरीच्या आड येत नाही, ती मिळविण्याच्या वाटेशीच ते बांधता येते. चांगल्या अर्जात हे नाते स्पष्ट दिसले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाने दुर्बीण गळ्यात अडकवून कड्यावर जावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु आपल्या समाजाकडे एक गोष्ट विपुल आहे: शिक्षक. आपल्या धर्मग्रामांत इंग्रजी उत्तम जाणणारे, आयुष्यभर मुलांचे निबंध तपासलेले निवृत्त शिक्षक आहेत. हिशेब लिहिणारे लेखापाल आहेत. एखाद्या वाडीतील तरुणाने मराठीत सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांचा मान राखून इंग्रजी अर्जात उतरविणे, हे काम चार संध्याकाळींचे आहे. आपल्या शाळांतील हरित सेनेच्या मुलांनी शाळेच्या आवारातील पक्ष्यांची वर्षभर नोंद ठेवणे, हे तर बिनखर्चाचे आहे. फेब्रुवारीत होणाऱ्या जागतिक पक्षीगणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे. पंधरा मिनिटांचे निरीक्षणही तेथे स्वीकारले जाते.

बिबट्याच्या प्रश्नानेही आपल्याला हेच शिकविले आहे. एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की तेथे हल्ले वाढू शकतात, हे जुन्नर वनविभागातच झालेल्या अभ्यासाने पुढे आणले. तो अभ्यास झाला नसता तर आपण तीच चूक वर्षानुवर्षे उपाय समजून करीत राहिलो असतो. माहिती नसताना घेतलेल्या निर्णयांची किंमत मोजावी लागते, आणि ती बहुधा वाडीवस्तीवरच्या माणसालाच मोजावी लागते.

म्हणून एखाद्या गावातील मुलगा वा मुलगी अर्जाचा कागद घेऊन आपल्याकडे आली, तर रक्कम किती आहे हे आधी विचारू नये. प्रश्न कोणता आहे, ते विचारावे. तो प्रश्न नीट लिहिण्यास हातभार लावावा, आणि वर्षअखेरीस उत्तर ऐकायला त्या गावी जावे.